वाइसाखला नागपूरहून खुलं पत्र : खालची पायरी काढू नका

प्रति,
पोर्शे मोटरस्पोर्टचे सर्व जबाबदार अधिकारी,
वाइसाख, जर्मनी

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरचा. कामठी रोडला माझं गॅरेज आहे. वडील मिस्त्री होते. आयटीआय झाल्यावर मीही त्याच गॅरेजात उभा राहिलो. मधली सहा वर्षं मी दक्षिणेतल्या ट्रॅकवर एका छोट्या खासगी संघाचा मेकॅनिक होतो. रेस असली की गुरुवारी जीटी एक्स्प्रेसमध्ये बसायचं, पान्यांची पेटी बर्थखाली सरकवायची आणि शुक्रवारी चेन्नईला उतरून थेट इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक गाठायचा. सोमवारी रात्री परत, मंगळवारी सकाळी गॅरेजचं शटर वर. आता वय झालं, पाठ ऐकत नाही, म्हणून ते थांबलं. सध्या संध्याकाळी जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं त्यांची स्पर्धेची गाडी घेऊन येतात, त्यांना हात लावून दाखवतो.

पत्र मराठीत लिहितो आहे, कारण ते तुमच्याइतकंच इथल्या माणसांनीही वाचावं असं वाटतं. तुमच्याच समूहाचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे. तिथं मराठी वाचणाऱ्या इंजिनिअरांची कमी नाही. त्यांच्यापैकी कुणीही तुम्हाला हे समजावून सांगेल.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तुम्ही जाहीर केलं की वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिप या लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या मालिकेतल्या हायपरकार या सगळ्यात वेगवान गटातून तुमचा फॅक्टरी संघ, म्हणजे कंपनीचा स्वतःचा संघ, त्या हंगामाअखेर बाहेर पडेल. त्या संध्याकाळी पोरं गॅरेजात आली ती चेहरे पाडूनच. एकानं विचारलं, "काका, पोर्शेनं रेसिंगच सोडली काय?" मी म्हटलं, नाही रे. अमेरिकेत पेन्स्के संघाबरोबर त्यांची ९६३ ही हायपरकार धावणार आहे, विजेच्या गाड्यांची फॉर्म्युला ई चालू आहे, आणि जगात कुठे ना कुठे दर शनिवार-रविवारी लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या ९११ मॉडेलच्या गाड्या ट्रॅकवर असतातच. त्याला ते पटलं नाही. त्याच्या लेखी रेसिंग म्हणजे ल माँला, फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीत, सगळ्यात पुढे धावणारी गाडी.

मला भीती वाटते ती याचीच. कॉलेजातल्या पोरानं असं समजलं तर चालतं. तुमच्या बैठकीत, जिथं चीनमधल्या घसरलेल्या विक्रीचे आणि अमेरिकेच्या आयात शुल्काचे आकडे समोर असतात, तिथंही कुणी असंच समजून बसलं तर फार मोठं नुकसान होईल. फॅक्टरीच्या दोन गाड्या गेल्या तर तुमची रेसिंग संपत नाही. ग्राहकाच्या, म्हणजे खासगी संघांनी विकत घेऊन उतरवलेल्या, गाड्या गेल्या तर संपते. हे सांगण्यासाठीच पत्राला बसलो.

तुमचाच इतिहास तुम्हाला सांगणं बरं दिसत नाही, तरी थोडा सांगतो, कारण आम्ही तो मेकॅनिकच्या नजरेनं वाचलेला आहे. ल माँला तुमचे १९ विजय. त्यातला १९७९ चा विजय कोलोनच्या क्रेमर बंधूंच्या संघाचा. त्यांनी तुमची ९३५ मॉडेलची गाडी घेतली, आपल्या हातानं तिचं के-३ रूप केलं आणि शर्यत मारली. त्या वर्षी तुमच्या फॅक्टरीच्या ९३६ मॉडेलच्या गाड्या शेवटपर्यंत टिकल्या नाहीत. १९८४ ला नियमांच्या वादावरून तुमचा फॅक्टरी संघ ल माँला गेलाच नाही. तेव्हा राइनहोल्ड योस्ट यांच्या खासगी संघानं ९५६ घेऊन जिंकून दाखवलं, लुडविग आणि पेस्कारोलो चालवत होते. आणि १९८५? तोच योस्टचा संघ, तीच सात नंबरची गाडी, चासी क्रमांक ९५६-११७. समोर तुमच्या स्वतःच्या नव्या ९६२ सी. तरीही जिंकली ती जुनी गाडी. लुडविग, पाओलो बारिला आणि 'जॉन विंटर' हे टोपणनाव घेऊन धावणारा एक व्यावसायिक, असे तिघे होते.

या गाडीपाशी मी दरवेळी थांबतो. चोवीस तास ल माँ धावलेली चासी. ती वर्षभरानंतर पुन्हा तिथंच उभी करायची म्हणजे काय, हे ज्यानं एका शर्यतीनंतर गाडी पूर्ण खोलली आहे त्यालाच कळेल. प्रत्येक वेल्ड बघावा लागतो, प्रत्येक ब्रॅकेटच्या कडेला तडा शोधावा लागतो, बोल्ट डोळे मिटून बदलावे लागतात. त्या काळी ग्रुप सी मध्ये, म्हणजे या गाड्यांच्या गटात, इंधनाची मर्यादा होती. म्हणजे नुसतं पळून भागत नव्हतं, थेंब थेंब मोजून पळावं लागत होतं. फॅक्टरीकडे माणसं जास्त, पैसा जास्त, गाडी नवी. योस्टकडे ती एक गाडी अंतर्बाह्य ओळखणारी माणसं होती. १९९६ आणि १९९७ मध्ये हेच पुन्हा घडलं. डब्ल्यूएससी-९५ नावाची उघडी गाडी, मूळ ढाचा जॅग्वारचा, इंजिन तुमचं. तुम्ही तो प्रकल्प बाजूला ठेवला होता. योस्टनं तिला ल माँला नेलं आणि एकाच चासीवर लागोपाठ दोन वर्षं तुमच्या फॅक्टरीच्या ९११ जीटी-१ ना मागे टाकलं. टॉम क्रिस्टेन्सनचा पहिला ल माँ विजय त्याच गाडीतला. पुढे त्यानं एकूण नऊ जिंकल्या.

ग्राहकाच्या हातून आपल्याच फॅक्टरीचा पराभव होतो याचं तुम्हाला तेव्हा वाईट वाटलं असेल. पण गाडीवर नाव तुमचंच होतं. ते १९ विजय मोजताना तुम्ही हे पाचही मोजता, आणि ते बरोबरच आहे.

आता अलीकडचं. मे २०२४, बेल्जियममधला स्पा ट्रॅक. जोटा या खासगी संघाची १२ नंबरची ९६३ जिंकली, कॅलम आयलॉट आणि विल स्टीव्हन्स चालवत होते. हायपरकारमध्ये ग्राहक संघाचा तो पहिला विजय होता आणि गाडी तुमची होती. २०२५ ला जोटा कॅडिलॅकचा फॅक्टरी संघ झाला. तुमच्या गाडीवर तयार झालेली माणसं दुसऱ्या घरी गेली. त्याच वर्षी ल माँला तुमची सहा नंबरची ९६३ चोवीस तासांनंतर अवघ्या १४ सेकंदांनी दुसरी आली. पुढे कोण होतं? ८३ नंबरची पिवळी फेरारी. फॅक्टरीच्या दोन लाल गाड्या वेगळ्या होत्या, ही एएफ कोर्से संघाची खासगी नोंद होती. कुबिका, यी-फेई ये आणि हॅन्सन चालवत होते. त्या रात्री आम्ही गॅरेजात मोबाइल टूलबॉक्सला टेकवून बघत होतो. शेवटच्या तासात कुणी बोलत नव्हतं. पोरांना पोर्शे जिंकायला हवी होती, मलाही. पण ती पिवळी गाडी पुढे गेली तेव्हा मला योस्टची सात नंबरची आठवली. चाळीस वर्षांपूर्वी ही गोष्ट तुमच्याकडे घडायची.

म्हणून पहिली विनंती. हायपरकारमध्ये परत याल तेव्हा, आणि तुम्ही याल असं मला मनापासून वाटतं, ग्राहकाची गाडी पहिल्या दिवसापासून हिशेबात धरून या. २०२५ पासून त्या गटात एका कंपनीच्या किमान दोन गाड्या उतरवाव्या लागतात. त्यामुळे कंपनीनं हात काढला की एकच गाडी असलेल्या खासगी संघाची वाट आपोआप अवघड होते. प्रोटॉनसारख्या खासगी संघानं इतकी वर्षं तुमच्यावर विश्वास ठेवून पैसा आणि घाम घातला. तुमच्या एका निर्णयानं त्यांचं काय होतं, हे निर्णयाच्या आधी बघायची रीत असायला हवी.

ग्राहकाला गाडी विकणं ही जबाबदारी किती जड असते तेही तुमच्या इतिहासात आहे. १९६९ चं ल माँ. ९१७ नवीकोरी होती, वेगात अस्थिर होती, फॅक्टरीचे ड्रायव्हरसुद्धा तिला बिचकत होते. ब्रिटनच्या जॉन वूल्फ यांनी ती विकत घेऊन शर्यतीत उतरवली आणि पहिल्याच फेरीत त्यांचा मृत्यू झाला. त्या गाडीवर त्यांचा जोडीदार म्हणून हर्बर्ट लिंगे यांचं नाव होतं. पहिली पाळी वूल्फ यांनी स्वतः घेतली.

लिंगे यांच्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण आमच्यासारख्यांना ते जवळचे वाटतात. ते वाइसाख गावचेच. १९४३ मध्ये पोर्शेत मेकॅनिकचे शिकाऊ उमेदवार म्हणून लागले. १९५० च्या दशकात तुम्ही त्यांना अमेरिकेत पाठवलंत, तिथल्या ग्राहकांच्या गाड्या सांभाळायला आणि तिथल्या मिस्त्रींना त्या शिकवायला. १९५४ च्या मिले मिग्लिया या इटलीतल्या रस्त्यावरच्या शर्यतीत हान्स हरमान यांच्या शेजारी बसून बंद होत चाललेल्या रेल्वे फाटकाखालून डोकं वाकवून निघाले ते लिंगेच. आणि वूल्फ यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी जर्मनीच्या ट्रॅकवर वेगवान बचाव गाड्यांचं पथक उभं करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. आग विझवायचं साहित्य घेऊन गाडी काही सेकंदांत अपघाताजवळ पोचली पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. २०२४ मध्ये ते गेले. एक मेकॅनिक किती दूरपर्यंत उपयोगी पडू शकतो, हे मी पोरांना सांगतो तेव्हा त्यांचंच नाव घेतो.

आता तुमच्या आजच्या कामाबद्दल, आणि ते चांगलं आहे हे आधी सांगतो. १९९० पासून कॅरेरा कप, म्हणजे तुमच्या एकसारख्या गाड्यांची मालिका, चालू आहे, १९९३ पासून सुपरकप फॉर्म्युला वनच्या शर्यतींबरोबर धावतो, २००३ पासून आशियात वेगळी मालिका आहे. ल माँच्या जीटी-३ गटात, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवरून बनवलेल्या रेस गाड्यांच्या गटात, मांताय संघानं २०२४ आणि २०२५ अशी दोन्ही वर्षं ९११ जीटी-३ आर घेऊन गट जिंकला. त्या गटात प्रत्येक गाडीत एक हौशी ड्रायव्हर असावाच लागतो. २०२४ ला यासर शाहीन होते, २०२५ ला रायन हार्डविक. दोघेही व्यवसाय करणारी माणसं. त्यांना रात्री तीन वाजता पावसात सुरक्षित परत आणणारी गाडी बनवणं हे हायपरकार बनवण्यापेक्षा सोपं नाही.

आणि कॅरेरा कपसाठीची नवी ९११ कप. तिच्यातली एक गोष्ट वाचून मी खुर्चीतून उठलो. पुढच्या स्पॉयलरची ओठासारखी पट्टी तुम्ही तीन तुकड्यांत केलीत. म्हणजे डाव्या बाजूला धडक बसली तर फक्त डावा तुकडा बदलायचा. ज्या कुणी हे सुचवलं असेल तो माणूस कधीतरी पिटमध्ये, ट्रॅककडेच्या दुरुस्तीच्या जागेत, गुडघ्यावर बसलेला असणार. आधीच्या पिढीच्या कप गाडीचं इंजिन तपासणीला १०० तासांनी घ्यायचं, हेही तसंच. आमच्याकडे लोक हॉर्सपॉवर विचारतात. मेकॅनिक आधी विचारतो, किती तासांनी खोलायचं?

हे मला का लागतं ते सांगतो. साल सांगत नाही, मालिका कुणाची तेही सांगत नाही, त्याला आता काही अर्थ नाही. शनिवारी सरावात आमच्या गाडीचा ड्राइव्हशाफ्ट गेला. शाफ्ट म्हणजे फार मोठी गोष्ट नव्हे, हाताशी दुसरा असला तर तासाभराचं काम. आयोजकांच्या सुट्या भागांच्या गाडीपाशी गेलो. तिथं सांगितलं की स्टॉक पुढच्या रेसला येईल. आमचा ड्रायव्हर अकोल्याचा पोरगा, बापानं शेताचा तुकडा विकून हंगामाचे पैसे भरले होते. मी रात्रभर बसून जुन्या दोन शाफ्टांचा एक करायचा प्रयत्न केला. सकाळी स्क्रूटिनीअरनं, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं, तो नाकारला, आणि बरोबरच केलं, मी त्याच्या जागी असतो तर मीही नाकारला असता. रविवारी दोन्ही शर्यती आम्ही भिंतीवर बसून पाहिल्या. पोरगा काही बोलला नाही. परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून झोपला होता. पुढच्या हंगामाला तो आला नाही.

कस्टमर रेसिंग म्हणजे मला हे वाटतं. गाडी विकली की काम संपलं, असं नाही. रविवारी सकाळी सात वाजता भाग मिळतो की नाही, त्यावर सगळं ठरतं. तुमचे लोक मोठ्या मालिकांमध्ये ट्रॅकवर सुट्या भागांचा ट्रक घेऊन उभे असतात, हे मला माहीत आहे. खर्च कमी करायची वेळ आली की अशा ट्रकवर पहिली कात्री चालते. तो बोर्डावर दिसत नाही, जाहिरातीत दिसत नाही. कृपा करून त्याला हात लावू नका.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. ऑक्टोबर २०२५ मध्येच तुमच्या पेट्रोलवरच्या ७१८ चं उत्पादन थांबलं. हायपरकारच्या बातमीपुढे ती बातमी लहान वाटली. माझ्या दृष्टीनं ती मोठी होती. ७१८ केमन जीटी-४ आरएस क्लबस्पोर्ट ही तुमच्या रेसिंगची खालची पायरी. जीटी-४ मध्ये, म्हणजे जीटी-३ च्या खालच्या गटात, नवखा ड्रायव्हर शिकतो, छोटा संघ शिकतो, आणि मेकॅनिकही शिकतो, कारण तिथं चूक झाली तर दिवाळं निघत नाही. मूळ रस्त्यावरची गाडीच बंद झाल्यावर ही पायरी किती वर्षं टिकणार? तयार गाड्या काही हंगाम धावतील. त्यांची बॉडी, दारं, खिडक्या, गिअरबॉक्सची आवरणं कुठून येणार?

२०२२ मध्ये तुम्ही विजेवरची जीटी-४ ई-परफॉर्मन्स दाखवली होती. साधारण अर्धा तास कप गाडीच्या वेगानं पळू शकणारी. ते काम मोलाचं आहे. फॉर्म्युला ई मध्ये तुम्ही जे शिकता ते कुठेतरी ग्राहकापर्यंत आलंच पाहिजे. पण अर्ध्या तासाच्या गाडीवर चार तासांची क्लब शर्यत होत नाही. चार्जिंगची सोय असलेले ट्रॅक आमच्या बाजूला नाहीत. हाय-व्होल्टेज गाडीला हात लावण्यासाठी शिकलेला माणूस लागतो, तोही नाही. वीज येईल तेव्हा येऊ द्या. तोवर पेट्रोलची एक साधी, दणकट, जास्तीत जास्त लोकांना परवडणारी शिकाऊ गाडी तुमच्या यादीत असली पाहिजे. नवी ९११ कप अडीच लाख युरोंच्या वर जाते, रुपयांत अडीच कोटींच्या पुढे. तिथून सुरुवात करायला सांगितलं तर आमच्यासारख्या देशातला माणूस दारातूनच परत जाईल.

आमच्याकडे गाडी आणणं म्हणजे त्यावर सीमाशुल्क. बाहेर बनून आलेल्या गाडीची किंमत इथं उतरेपर्यंत जवळजवळ दुप्पट होते. त्याचा दोष तुमचा नाही, ते आमच्या सरकारशी बोलायचं आहे आणि आम्ही बोलू. पण त्यामुळे आमचे ड्रायव्हर परदेशात जाऊनच गाडी चालवतात. करुण चंधोक २०१२ मध्ये ल माँला धावले, पहिले भारतीय, आणि संघ सहावा आला. अर्जुन मैनी जर्मनीत डीटीएम मालिकेत आधी मर्सिडीज आणि मग फोर्डवर धावले. जानेवारी २०२५ मध्ये तमिळ अभिनेते अजित कुमार स्वतःचा संघ घेऊन दुबईच्या २४ तासांच्या शर्यतीत गेले, गाड्या तुमच्याच होत्या, आणि त्यांच्या ९११ कप गाडीला गटात तिसरा क्रमांक मिळाला. ते तिरंगा घेऊन धावत सुटले, तो व्हिडिओ आमच्या गॅरेजात दिवसभर चालू होता. कामावर येणारा बारावी नापास पोरगा तोवर पोर्शेचं नावसुद्धा नीट घेत नव्हता. त्या दिवसापासून त्याला कप आणि जीटी-४ मधला फरक कळतो.

पण या सगळ्या गोष्टींत ड्रायव्हर भारतीय असतो. संघाचे मेकॅनिक तिथलेच, युरोपातले. गाडी खोलणारे, जोडणारे हात आमचे नसतात. याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो.

तुमच्या समूहानं २०१० मध्ये इथं पोलो कप सुरू केला. मी त्यात काम केलं नाही, शेजारच्या पिटमधून पाहिलं. सगळ्या गाड्या एकसारख्या, नियम सगळ्यांना तेच, कामाची शिस्त कडक. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानंच आवळणारा पाना, न लावता चाक घट्ट केलं तर ओरडा बसायचा. आमच्या बाजूच्या मुलांनी ते बघून स्वतःच्या पैशानं टॉर्क रेंच घेतले. मीही घेतला. तो अजून माझ्या पेटीत आहे.

आता नागपूरबद्दल. हे शहर देशाच्या मध्यावर आहे, झिरो माइलचा दगड इथं आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात गाडीचं कूलिंग तपासायला वेगळी प्रयोगशाळा लागत नाही. समृद्धी महामार्गानं मुंबई ७०१ किलोमीटर. पण ट्रॅक नाही. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, तिथं कॉलेजच्या बाहा, म्हणजे खडबडीत वाटेवरच्या, गाड्यांची स्पर्धा होते, आमची पोरं दरवर्षी धडपडत जातात. फॉर्म्युला भारत या कॉलेजच्या रेस गाड्यांच्या स्पर्धेसाठी कोइम्बतूरला जातात. बाकीच्यांना वेगाची हौस कुठे भागवायची ते माहीत नाही. रात्री फुटाळ्यावर आणि वर्धा रोडला जे चालतं ते मी बघतो, आणि सकाळी त्यातल्या काही बाइक टेम्पोत घालून माझ्याकडे येतात. कधी बाइकबरोबर पोरगा येत नाही, त्याचा बाप येतो.

तुम्ही नागपुरात ट्रॅक बांधा, असं मी म्हणत नाही. तो आमचा विषय आहे. माझं मागणं माणसं शिकवण्याचं आहे. फिलिपाइन्समध्ये तुम्ही डॉन बॉस्को संस्थेबरोबर गरीब घरातल्या तरुणांना तुमच्या गाड्यांचे मेकॅनिक म्हणून तयार करता आणि ते जगभर कामाला जातात. तसंच एखादं केंद्र भारतात, आणि रस्त्यावरच्या गाड्यांबरोबर रेसिंगच्या गाड्यांसाठी, का असू नये? चाकणला जागा आहे, शिस्त आहे, माणसं आहेत. विदर्भातल्या आयटीआयमधून दरवर्षी पोरं बाहेर पडतात, हात चांगले असतात, आणि मग शोरूममध्ये गाडी पुसायला उभी राहतात. त्यांच्यातल्या दहा जणांना आशियातल्या कॅरेरा कपच्या एका हंगामात ट्रकवर उभं राहायची संधी द्या. सेपांगला, शांघायला. चहा आणायलासुद्धा चालेल, पण गाडी खोलताना त्यांना बाजूला करू नका. लिंगे यांना तुम्ही अमेरिकेत पाठवलंत तेव्हा तिथं पोर्शे ओळखणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. आज तिथं किती गाड्या धावतात ते तुम्हाला माहीत आहे.

आणखी एक. जुन्या गाड्यांकडे लक्ष ठेवा. ९९१ पिढीच्या कप गाड्या आता सेकंडहँड मिळतात. ज्या देशात नवी गाडी परवडत नाही तिथली खरी पहिली पायरी तीच असते. त्यांचे भाग वीस वर्षं मिळतील असं लेखी द्या. किंमत जास्त घ्या, पण मिळू द्या. तुमच्या जुन्या क्लासिक गाड्यांसाठी तुम्ही भाग पुन्हा बनवता, हे सगळ्यांना माहीत आहे. रेसच्या गाडीला तेवढा मान का नको?

मी मोठा माणूस नाही, तुमची गाडी विकत घेणारा ग्राहकही नाही. पण मी ज्या कामावर जगलो ते काम आणि योस्टच्या पिटमध्ये त्या रात्री चाललेलं काम एकच आहे, असं मला वाटतं, आणि त्या नात्यानं लिहितो आहे.

शेवटी एक छोटं मागणं, याला कुठल्याही बैठकीची मंजुरी लागू नये. तास संपलेले, बाद झालेले कप गाडीचे गिअरबॉक्स वाइसाखला पडून असतील. त्यातला एक नागपूरला पाठवा. चालू नसला तरी हरकत नाही, गिअर तुटलेले असले तर अधिकच बरं, का तुटले ते पोरांना शोधता येईल. आमच्या कॉलेजच्या पोरांनी सिक्वेन्शियल, म्हणजे एकामागून एकच गिअर पडणाऱ्या, गिअरबॉक्सची चित्रं पाहिली आहेत, यूट्यूबवर आवाज ऐकला आहे. आतला गिअर बदलणारा बॅरल अजून कुणी हातात धरलेला नाही. टेबल मी मोकळं करून ठेवलं आहे, खाली रबराची चटई टाकली आहे. वाहतुकीचा खर्च आम्ही वर्गणी काढून भरू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कामठी रोडवरचा एक गॅरेजवाला, नागपूर